पोस्टकार्डावर मावणारी गोष्ट

सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाकडे एक वाक्य तयारच असतं: चित्रं अप्रतिम, पण गोष्ट पातळ. हे वाक्य म्हणायला पुस्तक वाचावं लागत नाही, चाळलं तरी पुरतं. परवा एका वाचकमंडळात हेच वाक्य ‘आर्कम असायलम’ या बॅटमॅनच्या ग्राफिक नॉव्हेलवर पाऊण तास ताणून ऐकवलं गेलं. वक्ते व्यासंगी, समीक्षेत त्यांचा दबदबा, त्यामुळे समोरच्या माना डोलत होत्या. माझी डोलली नाही. शेवटी प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही (कधी उरतो?), म्हणून हे कागदावर.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. या पुस्तकाची गोष्ट पोस्टकार्डावर मावते. मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळात बंड होतं, जोकर कर्मचाऱ्यांना ओलीस धरून बॅटमॅनला आत बोलावतो, बॅटमॅन जातो, रात्री खोल्याखोल्यांतून फिरतो आणि बाहेर येतो. संपलं. त्यावर टॅरो, युंग आणि लुईस कॅरल यांचा मुलामा. जोकरचे संवाद वाचताना डोळे फुटतात. बॅटमॅन म्हणे गुप्तहेर, पण इथे एकही गुन्हा शोधत नाही. १९८९ साली सिनेमा गाजत होता म्हणून पुस्तक खपलं. आणि सगळ्यात मोठा हातोडा: चित्रं बाजूला काढा, मग बघा हाती काय राहतं!

किरकोळ हिशेब आधी मिटवू. सिनेमामुळे खपलं असेलही. पण टिम बर्टनच्या सिनेमाची हवा विरल्यावर, २००४ साली, याच पुस्तकाची पंधराव्या वर्षाची आवृत्ती निघाली आणि २०१४ साली पंचविसाव्या वर्षाची. तेव्हा कुठला सिनेमा चालू होता? बॅटमॅन गुन्हा शोधत नाही, हे खरं. हॅम्लेटही बराच वेळ काही करत नाही. टॅरो आणि युंग यांचं प्रदर्शन जरा जास्त झालंय, हे मला मान्य आहे. विद्वत्तेचं प्रदर्शन हा दोष आहे हे वक्त्यांनीच सांगावं, यातली गंमत मात्र सोडवत नाही.

आता हातोड्याकडे.

चित्रं बाजूला काढून उरतं काय, ही कसोटी वक्त्यांना इतकी आवडली होती की ती त्यांनी तीनदा सांगितली. ती ऐकताना मला वाटत होतं, हे गृहस्थ गाण्याच्या मैफलीला जात असतील तर काय करत असतील? ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची. त्यात सांगितलेलं काय असतं? सासू-नणंद जाग्या आहेत, पैंजण वाजतंय, यायचं कसं. पोस्टकार्डाचं सोडा, पोस्टाच्या तिकिटावर मावेल. त्या ओळींवर गवई तास काढतो आणि समोरचा कुणीही ‘सूर बाजूला काढा, मग बघू बंदिशीत काय आहे’ असं म्हणत नाही. म्हणालाच, तर शेजारचे त्याला चहा प्यायला बाहेर पाठवतील. कॉमिक्सबद्दल मात्र हेच वाक्य टाळ्या घेतं.

पण उपहास पुरे, कारण ही कसोटी करून बघण्याची सोय आहे. २००४च्या त्या आवृत्तीत ग्रँट मॉरिसन यांची संपूर्ण संहिता छापलेली आहे, त्यांच्या स्वतःच्या टिपांसकट. म्हणजे चित्रं बाजूला काढलेलं ‘आर्कम असायलम’ बाजारात मिळतं. वक्त्यांनी मागवायचं तेवढं राहिलंय. उघडून बघावं. ती संहिता पातळ नाही. ती दाट आहे, चांगलीच दाट. कुठली वस्तू कशाचं प्रतीक, कोणता प्रसंग कोणत्या विधीची आठवण करून देणारा, कुठल्या खोलीत काय दिसावं, सगळं भरभरून लिहिलेलं. वक्त्यांना हवी तशी ‘जाड’ गोष्ट तिथे आहे. चित्रकार डेव्ह मॅकीन यांनी त्यातलं बरंचसं शब्दशः उतरवलं नाही. मूळ आराखड्यात रॉबिनही होता. बॅटमॅन काढतोय हीच तडजोड पुष्कळ झाली, रॉबिन काढणार नाही, असा पवित्रा मॅकीन यांनी घेतला आणि रॉबिन गेला, असं मॉरिसन यांच्याच टिपांत येतं. तेव्हा चित्रांनी अशक्त गोष्ट झाकली, हा आरोप उलटा आहे. लठ्ठ संहितेतून चित्रांनी गोष्ट कोरून काढली. काय ठेवायचं आणि काय अंधारात ढकलायचं, हे रंगवणाऱ्या हाताने ठरवलं. यालाच कथन म्हणतात. ते शब्दांत केलं की मान डोलते आणि रंगात केलं की ‘सजावट’!

मॅकीन यांनी केलंय काय तेही बघा. रंगवलेले चेहरे, छायाचित्रं, पोत, चिकटवलेल्या वस्तू हे सगळं एकाच पानात मिसळलेलं. चौकटी पुष्कळदा उंच आणि अरुंद, दाराच्या फटीसारख्या. बॅटमॅन जवळजवळ कुठेच नीट दिसत नाही. दोन टोकदार कान असलेली एक सावली पानभर सरकत जाते. समोर जोकर मात्र इतका जवळ आणि स्पष्ट, की त्याच्या डोळ्यांतला लालपणा टोचतो. आता साधा प्रश्न: हे ‘गोष्टी’त धरायचं की नाही? नायकाला स्वतःच्या शहाणपणाची खात्री उरलेली नाही. त्या दारातून आत गेलो तर घरी आल्यासारखं वाटेल, ही त्याची भीती. ही भीती लेखकाने एकदा संवादात सांगितली आणि पुढे पानोपान चित्रकार ती सिद्ध करत राहिला. गुन्हेगारांना चेहरा आहे, नायकाला फक्त आकार. या एका निर्णयात जेवढी गोष्ट आहे तेवढी बाराबारा अंकांच्या मालिकांत सापडत नाही.

अक्षरांचंही तसंच. अक्षरलेखन गॅस्पर सॅलॅडिनो यांचं. बॅटमॅनचं बोलणं काळ्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांनी. जोकरच्या बोलण्याला फुगाच नाही. लाल, ओरबाडल्यासारखी अक्षरं पानावर मोकाट सुटलेली. वाचायला त्रास होतो? होऊ दे की. ज्याच्या बोलण्याला कुंपण नाही असा माणूस समोर बसलाय आणि आपल्याला त्याचं म्हणणं सुवाच्य हवंय!

इथे एक जुनी ठसठस वर येते, ती लिहून टाकतो. दुर्बोध, दुर्बोध म्हणून आपल्याकडे एकेकाळी नव्या कवितेला झोडपलं गेलं. झोडपणाऱ्यांची भाषा तीच होती: शब्द वेगळे काढून सरळ अर्थ सांगा, मग बघू त्यात काय आहे. त्याही आधी कलेसाठी कला की जीवनासाठी कला यावर दोन पिढ्यांनी घसे कोरडे केले. त्या वादात दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर न बोलता एकमत होतं. आशय ही एक वस्तू, ती आत असते. रूप ही दुसरी वस्तू, ती बाहेरून चढवतात. भांडण होतं ते कुणाला मान जास्त द्यायचा एवढंच. पुढे आशय आणि अभिव्यक्ती वेगळे करता येत नाहीत, हे आपण परीक्षेत पाठ करून लिहायला लागलो. ते परीक्षेपुरतंच राहिलं. चित्रांचं पुस्तक समोर आलं की आजही आतली गोष्ट आणि बाहेरची चित्रं अशी वाटणी चालू होते. दोष एकट्या वक्त्यांचा नाही. शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकणारे आपण. चौथीनंतर ‘आता चित्रांची पुस्तकं पुरे’ म्हणणारे आपण. सिनेमा बघून आलेल्याला पहिला प्रश्न ‘स्टोरी काय होती?’ हाच. अशा घरांतून समीक्षक तयार झाले, तर ते बघणार कशाने? पण हे लांबलं.

वक्त्यांनी तुलनेसाठी अपेक्षेप्रमाणे ‘वॉचमेन’ काढलं. गोष्ट असावी तर अशी, म्हणाले. ‘वॉचमेन’ थोर आहे, वाद नाही. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेली अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ती मालिका कथानकाची भूक भागवते. पण तिचा पाचवा अंक वक्त्यांनी नुसता वाचला की पाहिलाही? त्या अंकाची रचना आरशासारखी आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानावर उलटून येते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यावर, असं करत दोन्ही बाजू मधल्या जोडपानापाशी भेटतात. नऊ चौकटींची ती ठरलेली जाळी नसती तर हा खेळ कुणाच्या लक्षातही आला नसता. आता त्यातून चित्रं बाजूला काढा. आरसा कुठे गेला? म्हणजे ज्या पुस्तकाच्या जोरावर कसोटी उभी केली, तेच पुस्तक या कसोटीत नापास. वक्त्यांना ‘वॉचमेन’ आवडतं, कारण त्यातली चित्रं शिस्तीत, चौकटीत, अदबीने उभी असतात. मॅकीन यांची चित्रं अंगावर येतात, म्हणून ती गोष्टीच्या मानगुटीवर बसल्यासारखी वाटतात. ही आवडनिवड झाली. ती असू द्यावी. सिद्धांताचा फेटा बांधून तिला मिरवू नये.

आणि खरं सांगायचं तर ‘आर्कम असायलम’ पडतं कुठे? जिथे गोष्ट पातळ आहे तिथे नाही, जिथे ती घट्ट होते तिथे. बॅटमॅनच्या फेरीला समांतर अशी इस्पितळाच्या संस्थापकाची, अमेडियस आर्कमची, जुनी हकिकत चालते. आईचा मृत्यू, बायको आणि मुलीचा खून, खुनी रुग्णाला दिलेला विजेचा झटका, आणि शेवटी स्वतःच तिथला रुग्ण. तोवर ठीक. मग इस्पितळाचा आजचा प्रमुख डॉक्टर कॅव्हेंडिश प्रकटतो, आर्कमच्या आईचा लग्नाचा पोशाख अंगात, वस्तरा हातात, आणि बंड का झालं, दारं कुणी उघडली, १ एप्रिलच का, डायरीत काय लिहिलं होतं, याचं रीतसर स्पष्टीकरण देतो. रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणासारखा उलगडा. पुस्तकातला हाच सगळ्यात कंटाळवाणा भाग. कारणं जुळली, धागे बांधले गेले, कथानकाची भूक असलेल्यांची सोय झाली, आणि ज्या भीतीने आपण इथवर आलो ती तेवढ्यापुरती गायब. वक्त्यांना हा भाग ‘त्यातल्या त्यात बरा’ वाटला. वाटणारच.

मग हे पुस्तक चांगलं का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे भलंमोठं उत्तर नाही. खोडून काढणं सोपं असतं, हे मलाही ठाऊक आहे. हे परिपूर्ण पुस्तक आहे असा माझा दावा नाही. काही पानांवर रंग इतके साचलेत की कोण कुठे उभं आहे तेच कळत नाही, आणि तिथे कसली योजना दिसत नाही, नुसता चिखल दिसतो. तरीही हे पुस्तक वाचण्याचा वेग बदलतं. कथानक पळत नसल्यामुळे डोळा पानावर रेंगाळतो, रेंगाळला की अस्वस्थ होतो, आणि त्या जागेत आपणही अडकलोय असं वाटू लागतं. सुपरहिरोच्या पुस्तकाने ठोसे न मारता हे साधावं, एवढं मला पुरतं. बाकी एक उदाहरण देतो.

टू-फेस या गुन्हेगाराचे सगळे निर्णय एका नाण्यावर चालतात. एक बाजू स्वच्छ, दुसरी ओरखडलेली. इस्पितळाच्या डॉक्टर रूथ अ‍ॅडम्स त्याला बरं करायला नाण्याऐवजी फासा देतात, दोनाच्या जागी सहा पर्याय. पुढे टॅरोची अठ्ठ्याहत्तर पानं. परिणाम असा, की आता त्याला संडासला जायचा निर्णयही घेता येत नाही. शेवटी बॅटमॅन त्याचं नाणं त्याला परत देतो आणि आपला फैसला त्याच्यावरच सोपवतो. ओरखडलेली बाजू आली तर मृत्यू, स्वच्छ आली तर सुटका. नाणं उडतं. टू-फेस बघतो आणि सांगतो, सुटका. बॅटमॅन निघून गेल्यावर आपल्याला नाणं दिसतं: ओरखडलेली बाजू वर. आयुष्यभर नाण्याच्या आज्ञेत राहिलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतः ठरवलं. आणि तो हे कुणापाशी बोलत नाही. कुठलाही निवेदक समजावून सांगत नाही. नाणं दिसतं, बस्स.

पोस्टकार्डावर गोष्ट लिहिताना वक्ते ‘बॅटमॅन बाहेर येतो’पाशी थांबले होते. हे त्यानंतर येतं. हा भाग चित्रात आहे, संवादात नाही, म्हणून त्यांना तो गोष्टीत धरावासा वाटला नसेल, किंवा दिसलाच नसेल. दोन्हींपैकी काय, हे मी प्रश्नोत्तरांत विचारणार होतो.

लहान मुलांच्या हाती हे पुस्तक देऊ नये, असंही ते जाता जाता म्हणाले. त्यावर माझं काही म्हणणं नाही.