सही म्हणजे नुसतं नाव नव्हे

सबमिशनचा आठवडा आला की पुण्यातल्या कुठल्याही इंजिनीअरिंग हॉस्टेलवर एकच उद्योग चालतो. काचेखाली दिवा लावायचा, टॉपरची शीट खाली, आपली कोरी शीट वर आणि जीटी मारायची. जर्नलचंही तेच. रीडिंग एकाने घेतलेलं, उतरवून घेतलेलं वीस जणांनी. मग आपण सही करतो, सर सही करतात, एक्स्टर्नल सही करतात. तीन सह्या होतात, पण तो प्रयोग नक्की कोणी केला हे कुणीच विचारत नाही. कुणाचं काही बिघडतही नाही. त्यामुळे हळूहळू आपली खात्रीच होते की सही ही एक फॉर्मॅलिटी असते.

आता लोहगावला चला. विमानतळाच्या आवारात, प्रवाशांना सहसा न दिसणारं एक माणूस असतं. विमानावर दुरुस्तीचं काही काम झालं, अगदी एखादं चाक बदललं, तरी ते विमान पुन्हा प्रवाशांना घेऊन उडायला योग्य आहे असं लेखी सांगणारी एक सही लागते. तिला 'सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस' म्हणतात. ही सही करणारा असतो एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअर, म्हणजे एएमई. ती झाल्याशिवाय कॅप्टन कितीही अनुभवी असो, विमान हलत नाही. आणि उद्या काही झालं, तर चौकशी करणारे आधी ती वही उघडतात आणि त्या सहीखालचं नाव वाचतात.

मुद्दा हा की ही सही करणारा माणूस तुमच्यापेक्षा फार मोठा असेलच असं नाही. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेतलेला मुलगा किंवा मुलगी या मार्गाला लागते. जर्नलवर सही ठोकायच्या वयातच हे लोक पावणेदोनशे जणांच्या जिवाची सही करायला शिकत असतात. म्हणून त्यांच्यासाठीचे नियम काय सांगतात, हे तुम्ही कुठल्याही शाखेचे असलात तरी वाचण्यासारखं आहे.

आपल्याकडे हे नियम डीजीसीए ठरवतं. (हडपसरचं ग्लायडिंग सेंटर पाहिलंय ना? तेही याच डीजीसीएचं.) लायसन्सचे नियम 'कार-66' मध्ये, दुरुस्ती करणाऱ्या संस्थांचे 'कार-145' मध्ये आणि शिकवणाऱ्या संस्थांचे 'कार-147' मध्ये. लायसन्समध्येही प्रकार आहेत. बी-1 वाला इंजिन, सांगाडा आणि यांत्रिक भाग बघतो, बी-2 वाला एव्हिऑनिक्स बघतो. एकाने दुसऱ्याच्या कामावर सही करायची नाही. आणि नुसतं लायसन्स खिशात असून भागत नाही. ज्या जातीचं विमान, त्याचं टाइप रेटिंग हवं. ज्या संस्थेत काम, तिचं अधिकारपत्र हवं. शिवाय मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेलं हवं. परीक्षेत पास व्हायला 75 टक्के लागतात. आपण 40 वर पेढे वाटतो. नीट विचार केला तर 75 सुद्धा कमीच वाटतात, कारण न आलेल्या पंचवीस टक्क्यांत ब्रेक असू शकतात.

पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. हे नियम माणसावर विश्वास ठेवून लिहिलेले नाहीत. माणूस थकतो, विसरतो, घाई करतो, वरिष्ठांना घाबरतो, हे त्यांनी आधीच मान्य केलंय. म्हणून उड्डाण नियंत्रणासारख्या नाजूक भागाला हात लागला की दोन वेगवेगळ्या माणसांनी, स्वतंत्रपणे, तपासणी करायची. पहिला कितीही हुशार असला तरी. टॉर्क रेंच किती ताकदीने बोल्ट आवळतो, हे त्या रेंचलाच ठरावीक काळाने तपासून घ्यायचं. काम संपलं की हत्यारं मोजायची. आणि एएमईच्या अभ्यासक्रमात 'ह्यूमन फॅक्टर्स' नावाचा एक अख्खा विषय, माणूस कसा चुकतो हे शिकवायला.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. 12 ऑक्टोबर 1976. मुंबईहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरॅव्हेल विमानाचं इंजिन उड्डाणानंतर लगेच फुटलं, आग लागली आणि परत सांताक्रूझला उतरताना ते कोसळलं. विमानातले सगळे 95 जण गेले. इंजिनाच्या काँप्रेसरमधल्या एका चकतीला धातू थकल्यामुळे तडा गेला होता. ती तुटली, तिने आवरण फोडलं, इंधनाच्या नळ्या कापल्या. धातूसुद्धा थकतो, आणि थकल्याचं तोंडाने सांगत नाही. म्हणून आज इंजिनातल्या अशा भागांचं आयुष्य फेऱ्यांमध्ये मोजतात. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की भाग कितीही चकचकीत दिसो, तो काढायचा.

दुसरी गोष्ट 10 जून 1990 ची, ब्रिटिश एअरवेजची. बर्मिंगहॅमहून निघालेलं विमान सतरा हजार फुटांवर पोचलं आणि कॅप्टनच्या समोरची काच उडून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं आणि आश्चर्य म्हणजे सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत काय निघालं? आदल्या दिवशीच्या पहाटे ती काच बदलली होती. 90 पैकी 84 बोल्टचा व्यास हवा त्यापेक्षा किंचित कमी होता, मिलिमीटरपेक्षाही कमी फरकाने. काम करणारा नवखा नव्हता, तो शिफ्टचा मॅनेजर होता. माणसं कमी, वेळ कमी, म्हणून त्याने स्वतःच काम उरकलं. पुस्तक उघडून नंबर जुळवण्याऐवजी जुना बोल्ट शेजारी धरून 'सारखाच दिसतोय' म्हणत नवे घेतले. आणि काच हा दुहेरी तपासणीच्या यादीतला भाग नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कुणी बघितलं नाही.

'सारखाच दिसतोय.' ओळखीचं वाटतंय ना? जीटी मारताना आपण दुसरं काय म्हणतो?

1993 मध्ये कॅनडातल्या गॉर्डन ड्युपाँट यांनी विमान दुरुस्तीतल्या चुकांमागची बारा कारणं मांडली. 'डर्टी डझन' म्हणून ती जगभर शिकवतात. त्यात थकवा आहे, दडपण आहे, फाजील आत्मविश्वास आहे. आणि एक आहे 'नॉर्म्स', म्हणजे नियमात काहीही असो, 'आमच्याकडे असंच करतात'. ही यादी वाचताना हँगर कमी आणि आपलं कॉलेज, आपलं ऑफिस, आपली महापालिका जास्त आठवते.

नियम असूनही फट राहते, हेही बघा. 12 जून 2025 च्या अहमदाबादच्या अपघातानंतर प्राथमिक अहवाल आला. त्यात नोंद आहे की अमेरिकेच्या एफएए या यंत्रणेने 2018 मध्ये इंधनाच्या स्विचचं लॉकिंग तपासून घ्या असं पत्रक काढलं होतं. ते सल्लावजा होतं, सक्तीचं नव्हतं, म्हणून ती तपासणी झाली नव्हती, असं कंपनीने चौकशीत सांगितलं. अपघाताचं कारण हेच, असं तो अहवाल म्हणत नाही, आणि आपणही व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल देऊ नये. पण एक प्रश्न उरतोच. सक्तीचं नाही म्हणजे गरजेचं नाही, असं आपण कधीपासून धरून चाललो? विमानांच्या जगात 'एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह' पाळावंच लागतं, सल्ला मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर असतो. विवेक कुठल्याही नियमावलीत भरता येत नाही. तो सही करणाऱ्याच्या अंगातच असावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, या कागदी घोड्यांमुळेच आपल्याकडे काही नवीन घडत नाही. उदाहरणही तयार असतं, कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीला घराच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडलं. नोंदणी मिळाली 2017 मध्ये, चाचणी उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये. तक्रार अगदी रास्त आहे. पण ती तक्रार दिरंगाईची आहे, तपासणीची नाही. फाइल टेबलावर पडून राहणं वेगळं आणि बोल्ट मोजणं वेगळं. गच्चीवरच्या विमानाचेही बोल्ट मोजलेच पाहिजेत, फक्त लवकर मोजा, एवढीच मागणी हवी. या दोन गोष्टींची गल्लत केली की 'नियम सैल करा' ही घोषणा सोपी होते आणि तिची किंमत खिडकीजवळची सीट पकडून बसलेला प्रवासी मोजतो.

आता थेट तुमच्याशी. या क्षेत्रात जायचा विचार असेल तर बारावीच्या निकालानंतर झळकणाऱ्या 'एव्हिएशनमध्ये करिअर'च्या फ्लेक्सना भुलू नका. घरच्यांचे काही लाख भरण्याआधी ती संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि कुठल्या श्रेणीसाठी, हे वेबसाइटवर स्वतः बघा. बी-1 किंवा बी-2 चा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम 2,400 तासांचा असतो, 'सहा महिन्यांत एअरपोर्टवर नोकरी' असा नाही. कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. एरोनॉटिकलची बीई पदवी म्हणजेही लायसन्स नव्हे; तिच्यावर विमान सोडता येत नाही. आणि प्रत्यक्ष कामाच्या लॉगबुकात न केलेलं काम कुणी 'भरून टाक' म्हणालं, तर तिथेच थांबा. ती जीटी कागदापुरती राहत नाही. पुढे ती नागपूरच्या मिहानमधल्या नाहीतर मुंबईच्या एखाद्या हँगरमध्ये, रात्री तीन वाजता, एका बोल्टपाशी उघडी पडते.

बाकीच्यांनी 'आपल्याला काय' म्हणून पान उलटू नका. तुमच्यातले काही पुलाच्या ऑडिटवर सही करतील, काही औषधाच्या बॅचवर, काही सोसायटीच्या लिफ्टवर, काही कंपनीच्या ताळेबंदावर. तिथे दुसरा तपासणारा बहुतेक वेळा नसेलच. विमानवाल्यांनी शिकलेली शिस्त तिथे तुमची तुम्हालाच लावून घ्यावी लागेल.

या शिस्तीचा सगळ्यात अवघड भाग सही करणं नाहीये, सही नाकारणं आहे. गेटवर प्रवासी ओरडतायत, मॅनेजरचा फोन वाजतोय, आणि तुम्ही म्हणता, 'विमान जाणार नाही.' त्या क्षणी तुमच्या मागे कोण उभं राहतं, यावर त्या संस्थेची खरी लायकी ठरते. नाकारणाऱ्याला शाबासकी मिळते की बदली? स्वतःची चूक सांगायला आलेल्याला ऐकून घेतात की नोटीस देतात? चूक कबूल केल्यावर थेट शिक्षाच होणार असेल, तर लोक चुका लपवायला शिकतात. तेव्हा उद्या कॅम्पस इंटरव्ह्यूत 'आम्हाला काही विचारायचंय का?' असं म्हणाले, तर पॅकेजच्या आधी हे विचारा: 'तुमच्याकडे कुणी सही करायला नकार दिला, तर पुढे काय होतं?'

उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला, तर तेही एक उत्तरच आहे.