सिम कुणाच्या नावावर? हक्क कुणाच्या हातात?

नायगाव म्हटलं की आपल्याला आधी सावित्रीमाईंचं सातारा जिल्ह्यातलं नायगाव आठवतं. मी लिहितोय ते पश्चिम रेल्वेवरचं, वसईची खाडी ओलांडली की येणारं नायगाव. इथे पूर्वेला टॉवरमागून टॉवर उभे राहत आहेत. ते उभे करणारे हात मराठवाड्यातून, परराज्यांतून आणि पालघरच्या पाड्यांवरून आलेले आहेत.

अशाच एका बिगारी कामगाराच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो होतो. महाडीबीटीने आधारचा ओटीपी मागितला, पण तो ओटीपी आला मुकादमाच्या खिशातल्या फोनवर. झालं होतं असं : या कामगाराला सिम घ्यायचं होतं तेव्हा दुकानदाराने सांगितलं, 'आधार आणि अंगठा लागला तरच सिम.' सिमेंटने झिजलेला अंगठा मशीनवर उमटेना. मुकादम म्हणाला, 'माझ्या नावावर घे.' घेतलं. तोच नंबर मुलीच्या आधारला जोडला. पुढे मजुरीवरून भांडण झालं. सिम मुकादमाच्या नावावर, त्यामुळे त्याने ते बंद करून तोच नंबर स्वतःकडे काढून घेतला. आता तो म्हणतो, 'थकलेली मजुरी विसर, मग ओटीपी सांगतो.'

बांधवांनो, याला काय म्हणायचं? एकेकाळी वेठीला गहाण पडायचा तो देह. आज गहाण पडतो तो मोबाईल नंबर.

आणि ज्या अटीमुळे हे घडलं, ती अट कायद्यात नाहीच! २३ मार्च २०१७ च्या परिपत्रकाने दूरसंचार विभागाने प्रत्येक मोबाईल नंबरची आधारने फेरपडताळणी करायला सांगितली होती. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक घटनाबाह्य ठरवलं. २०१९ च्या दुरुस्ती कायद्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं की आधार देणं ऐच्छिक आहे आणि आधार नाही म्हणून कुणालाही सेवा नाकारता येणार नाही. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्ज बंद झाले, पण मतदार ओळखपत्रासारख्या दुसऱ्या पुराव्यावर, जागेवर फोटो काढून डिजिटल अर्ज भरता येतो. हे दुकानदार सांगत नाही. अंगठ्याने त्याचं काम दोन मिनिटांत उरकतं, म्हणून सोय त्याची आणि सक्ती आपल्यावर!

काही मित्र म्हणतील, सायबर गुन्हे वाढलेत, ओळख तपासायला नको का? जरूर तपासा. ऑनलाइन फसवणुकीत आपल्याही आयाबहिणींची बचत लुटली जाते. पण फसवणारा सिम कुठून आणतो? 'ठसा नीट आला नाही, परत लाव' असं म्हणत गरिबाच्या दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम चालू केलं जातं. गुन्हा घडला की पोलीस आधी ज्याचं नाव आहे त्याच्याच दारात येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. एवढा धाक असताना निर्दोष असल्याचं सिद्ध करायला वकील कुणाला परवडतो? वर त्याच कायद्याच्या कलम ३(७) मध्ये बायोमेट्रिक ओळखीची तरतूद करून ठेवली आहे. म्हणजे झिजलेल्या अंगठ्याचा प्रश्न संपलेला नाही, पुढे वाढून ठेवला आहे.

ओळखपत्राची सक्ती सगळ्यांना सारखी लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे पारधी, कैकाडी, बेरडांची नोंद करून पोलिसांपुढे हजेरी लावली. स्वतंत्र भारतातही तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. 'ओळख पटवा' हे वाक्य टॉवरमधल्या साहेबासाठी औपचारिकता असते, पाड्यावरच्या माणसासाठी परीक्षा.

मग करायचं काय? निवेदनं द्याच, पण आधी वस्तीत उतरा. येत्या रविवारी प्रत्येक विहारात एक टेबल लावा. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका व्यक्तीला नऊची मर्यादा आहे, आणि जो नंबर आपला नाही तो तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. मुकादम, मालक, शेजारी यांच्या नावावरची सिम सोडायला लावा आणि स्वतःच्या नावावर घ्यायला सोबत जा. दुकानदार आधारवर अडला तर कायदा दाखवा, नकार लेखी मागा.

त्या मुलीचा अर्ज अखेर भरला गेला. नवं सिम मतदार ओळखपत्रावर बापाच्या नावाने घेतलं. आधार केंद्राच्या रांगेत त्याचा एक रोज बुडाला. मजुरी मात्र अजून मुकादमाकडेच आहे. ती लढाई वेगळी, पण आता तो ती आपल्या नावावरच्या फोनवरून लढतो आहे.

जय भीम! जय संविधान!