डासाला हसावे की नाही?

— एस. वाय. बी. ए. मधील एक विद्यार्थी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या खोलीत आम्ही चौघे मित्र आणि माझा धाकटा भाऊ, असे पाच जण एका मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलो होतो. चित्रपट इंग्रजी, नाव 'मॉस्किटो'. गॅरी जोन्स या दिग्दर्शकाने अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात थोडक्या पैशांत काढलेला, १९९५ सालचा. परग्रहावरचे एक यान दलदलीत कोसळते, त्यातल्या मेलेल्या प्राण्याचे रक्त डास पितात आणि फुगून एवढे मोठे होतात की सोंड खुपसून माणसाला कोरडा करून टाकतात. मग एक धिप्पाड गृहस्थ यांत्रिक करवत घेऊन त्यांच्यावर धावून जातो. हा नट म्हणजे गुन्नार हॅन्सन. १९७४ च्या 'द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर' या गाजलेल्या भयपटात करवतीने माणसे कापणारा खुनी यानेच रंगवला होता. एकेकाळचा राक्षस आता डासांपासून माणसे वाचवायला निघालेला पाहून आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यांत जास्त हसला तो माझा भाऊ.

आई मोरीत भांडी घासत होती. राखेचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "पोरगं मरता मरता वाचलं, आन् तुमास्नी डासाच्या नावानं हसू येतंय व्हय?" मोबाईल बंद झाला. मित्र मुकाट्याने चपला घालून गेले.

आईचे म्हणणे खोटे नव्हते. त्याआधीच्या पावसाळ्यात भावाला डेंग्यू झाला होता. सहा दिवस तो रुग्णालयात होता. रोज सकाळी रक्त तपासायचे आणि रोज पेशी कालच्यापेक्षा कमी भरायच्या. माझे वडील भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी तेव्हा घेतलेली उचल अजून फिटते आहे. ज्या घरात डासाने एवढे केले, त्या घरात डासावर हसावे की नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतो आहे. त्याचे मला सुचलेले उत्तर या वार्षिकांकात मांडावे म्हणून हा खटाटोप.

प्रथम कॉलेजातला आक्षेप. आमच्या एका सरांना मी हा चित्रपट पाहिल्याचे सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, असले थिल्लर काही पाहण्यात वेळ कशाला घालवतोस?" सरांविषयी मला आदर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. चांगले कोणते आणि थिल्लर कोणते हे मला सरांनीच शिकवायचे आहे. तरी नम्रपणे सांगावेसे वाटते की, थिल्लर दिसणाऱ्या गोष्टीतही एक प्रश्न विचारून पाहावा. किड्याच्या चित्रपटाला विचारायचा प्रश्न एवढाच की, हा किडा आला कोठून?

१९५४ साली अमेरिकेत 'देम!' नावाचा चित्रपट आला. त्यात राक्षसी मुंग्या माणसांवर चाल करून येतात. त्या आल्या कोठून? तर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या अणुस्फोटातून. हिरोशिमानंतर अवघी ९ वर्षे झाली होती. प्रेक्षक मुंग्यांना पाहून किंचाळत होते खरे, पण त्यांची भीती बॉम्बची होती. १९५९ साली रॉजर कॉर्मन यांनी अगदी किरकोळ खर्चात 'द वास्प वुमन' काढला. त्यातली सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण तरुण दिसण्यासाठी गांधीलमाशीपासून काढलेला रस टोचून घेते आणि स्वतःच खुनी गांधीलमाशी बनते. हा किडा आरशातून आला. म्हातारे दिसलो तर आपल्याला कोणी विचारणार नाही, या भीतीतून तो जन्मला. असे पाहिले की थिल्लर चित्रपटही त्या त्या समाजाच्या मनातली गोष्ट सांगून जातो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे परदेशातले. आपला काय संबंध? माझे उत्तर असे की, चावणाऱ्या जिवावर भीती आणि हसू एकत्र बांधण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. सोळाव्या शतकातले एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड कोणी ऐकले नाही? भारूड म्हणणारा विंचू चावल्यासारखा विव्हळतो, तडफडतो, गडबडा लोळतो आणि समोर बसलेली माणसे हसतात. मग कळते की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि तो आपल्याच आत बसलेला आहे. किडा कोठून आला, हा प्रश्न नाथांनी त्या अमेरिकनांच्या कितीतरी आधी विचारून ठेवला. (विंचवाला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे, असे विज्ञान शाखेचे मित्र सांगतील. चावणाऱ्याचे पाय मोजत बसायला चावलेल्याला सवड नसते, एवढेच माझे म्हणणे.) पुढे १९९३ साली महेश कोठारे यांनी 'झपाटलेला' काढला, तेव्हा मराठीतल्या सर्वांत लाडक्या भुताचे आडनावही विंचूच ठेवले. रामदास पाध्ये यांनी घडवलेली ती तात्या विंचूची बाहुली! बाहुली आहे हे दिसत असते आणि तरी भीती वाटते; भीती वाटते आणि तरी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या फजितीला हसू येते.

थोडक्या पैशांच्या चित्रपटाचा गुण मला इथेच दिसतो. २०१२ साली एस. एस. राजामौली यांचा 'ईगा' आला. तो हिंदीत 'मक्खी' म्हणून आपण पाहिला. खून झालेला तरुण माशीचा जन्म घेऊन सूड उगवतो. संगणकावर घडवलेली ती माशी इतकी खरी वाटते की आपण तोंडात बोट घालतो. ते मोठ्या पैशाचे काम. गरीब दिग्दर्शकाचा डास रबराचा असतो आणि त्याला हलवणारी काठी कधीकधी दिसते. मग तो दिग्दर्शक प्रेक्षकाला डोळा मारून जणू म्हणतो, मलाही ठाऊक आहे, पण थोडे सांभाळून घे. आपण सांभाळून घेतो, कारण गावच्या जत्रेतल्या नाटकात रावणाची मिशी गळून पडली तरी आपण सांभाळूनच घेत आलो आहोत.

परंतु आईचा आक्षेप सरांच्या आक्षेपापेक्षा जड आहे. तिला रबराचे काही नाही. तिला खरा डास ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ या एका वर्षात एकट्या हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मेली. चित्रपटातल्या कुठल्या राक्षसाने एवढे बळी घेतले आहेत? अशा शत्रूला हसणे म्हणजे मेलेल्यांना हसणे नव्हे काय?

मी आईला एकदा हळूच विचारले, "सप्ताहात विंचवाच्या भारुडाला तू हसतेसच ना?" आमचे गाव सातारा जिल्ह्यात, आईने लहानपणापासून भारुडे ऐकली आहेत. ती म्हणाली, "ते येगळं." का वेगळे, ते तिला सांगता आले नाही, मलाही बरेच दिवस सापडले नाही.

कारण विंचूही खोटा नव्हता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचवून दाखवले, त्याआधी कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत असत. भारुडाला हसणाऱ्यांपैकी कित्येकांनी घरातले माणूस विंचवाने गेलेले पाहिले असणार. तरी ते हसत होते. मला वाटते याचे कारण असे की, भारुडात लोळतो तो आपल्यातलाच असतो. ज्याला चावले तोच सांगतो आहे आणि तोच हसवतो आहे. 'मॉस्किटो'त मात्र माणसे पटापट मरतात, त्यांची नावेही आपल्या लक्षात राहत नाहीत. त्यांचे मरण हा नुसता गंमतीचा मसाला असतो. आई चिडली ती या मसाल्यावर. आणि भाऊ हसला तो ज्याला चावले त्याच्या हक्काने. दोघेही बरोबर होते.

मग आपल्याकडे असा चित्रपट कोणी, कसा करावा? त्याची एक वाट मराठीत दिसली आहे. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यात किडे नाहीत, चालती प्रेते आहेत. पण ती कुठल्या परदेशी दफनभूमीतून येत नाहीत. आपल्या डोंबिवलीत, उंच इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यामधल्या पाण्याच्या प्रश्नातून ती उभी राहतात. एरवी वस्तीतला माणूस पडद्यावर आला की पहिल्या पाच मिनिटांत मरायला येतो. इथे वस्तीतला तरुण शेवटपर्यंत उभा राहून लढतो. उपनगरातल्या माणसाला आपला जिना, आपली गच्ची आणि आपले नळावरचे भांडण पडद्यावर दिसले, म्हणून तो घाबरलाही आणि हसलाही.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे पाहा. आपला डास कोठून येतो? डेंग्यूचा डास, ज्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात तो, गटारात वाढत नाही. त्याला साठवलेले स्वच्छ पाणी लागते. आमच्या वस्तीत नळ ठरावीक वेळी येतो, म्हणून घरोघरी दाराशी निळी पिंपे भरून ठेवावी लागतात. भाऊ आजारी पडला तेव्हा भेटायला आलेले लोक म्हणाले, "घाणीत राहिले की असे होते." माझ्या आईचे पिंप आरशासारखे स्वच्छ होते! डास त्या स्वच्छतेतच जन्मला. अमेरिकनांचा किडा अणुबॉम्बमधून आला, आमचा पाण्याच्या काळजीतून येतो. यात भय आहे, आणि ज्याने ते सोसले त्याला दिसणारा विनोदही आहे. पपईच्या पानांचा रस घेऊन येणाऱ्या शेजारणी, बकरीचे दूध शोधत नवघरपासून काशीमिऱ्यापर्यंत सायकल हाणणारे माझे काका, रुग्णालयात मच्छरदाणीत बसून आमच्याकडे पाहणारा आणि "मी पिंजऱ्यातला वाघ" म्हणणारा भाऊ, हे सगळे मी कल्पनेने रचलेले नाही.

शिवाय देखावाही फुकट आहे. संध्याकाळी धूर फवारणारा माणूस पाठीला यंत्र लावून बोळात शिरतो, तेव्हा फटफट आवाज होतो, पांढऱ्या ढगात दिवे पुसट होतात आणि त्यातून पोरे ओरडत धावत येतात. रामसे बंधूंनी आपल्या भयपटांसाठी धुके विकत घेतले असेल, आम्हांला ते दारात मिळते. आणि पैशाची सबब सांगायची तर मालेगाव आठवावे. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला तो यंत्रमागांच्या गावात, गावातल्याच माणसांना घेऊन. फैज़ा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात त्यांची धडपड पाहायला मिळते. त्यांच्याजवळ नव्हते ते आपल्याजवळ आहे. निदान प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा तरी आहे.

मित्रहो, पुढच्या स्नेहसंमेलनात परदेशी भुतांची नक्कल करणारी एकांकिका बसवण्यापेक्षा आपल्या पिंपातला राक्षस रंगमंचावर आणावा, असे माझे मत आहे. अट एकच. हसू तापाने फणफणलेल्या माणसावर नको. "घाणीत राहतात" म्हणणाऱ्यावर खुशाल हसावे, पिंपाचे झाकण उघडे टाकणाऱ्या आपल्या स्वतःवरही हसावे. हे जमले तर सर त्याला थिल्लर म्हणणार नाहीत, अशी आशा आहे.

आई मात्र 'मॉस्किटो' पाहायला अजून तयार नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून दर रविवारी आम्ही पिंप रिकामे करून घासतो. भाऊ आत वाकून घासता घासता डासाचा आवाज काढतो. रिकाम्या पिंपात तो आवाज भलताच मोठा घुमतो. परवा आई त्याच्या पाठीत धपाटा घालायला गेली आणि घालता घालता तिलाच हसू फुटले.