कुठला ग्रीक, कुठला इटालियन?

भूमध्य समुद्राची सहल करून आलेले एक व्याख्याते सध्या गावोगाव सांगत फिरतात की ग्रीक आणि इटालियन एकाच रक्ताचे; शेजारी उभे केले तर कोण कुठला ते ओळखू येत नाही. त्यांचा युक्तिवाद चार ओळींत मावतो. दोघांचे केस काळे, नाक लांब, वर्ण गव्हाळ. दोघेही हातवारे करून बोलतात. खुद्द ग्रीकच इटालियन पाहुण्याला 'ऊना फात्चा, ऊना रात्सा', म्हणजे एक चेहरा एक वंश, असं म्हणून मिठी मारतात. आणि आता तर जनुकशास्त्रानंही शिक्कामोर्तब केलंय. मग पडद्यावर फोटो येतात, टाळ्या पडतात, आणि सभागृह चहाकडे वळतं.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. हातवाऱ्यांवरून वंश ठरत असेल, तर मार्केट यार्डातला प्रत्येक अडत्या नेपल्सचा म्हणावा लागेल. फोटो दाखवणाऱ्यानंच निवडलेले असतात. न जुळणारी तोंडं पडद्यावर येतच नाहीत. राहिली म्हण. 28 ऑक्टोबर 1940 रोजी मुसोलिनीच्या फौजा अल्बानियातून ग्रीसवर चालून गेल्या आणि फेब्रुवारी 1943 मध्ये थेसालीतल्या दोमेनिको गावात इटालियन सैनिकांनी शंभरावर गावकऱ्यांना गोळ्या घातल्या. एक चेहरा तेव्हा कुणाला दिसला नाही. ही म्हण ज्यात ऐकू येते तो 1991 चा 'मेदितेरानेओ' हा चित्रपटही ग्रीक बेटाचा ताबा घ्यायला आलेल्या इटालियन सैनिकांचाच आहे. व्याख्यानात म्हण येते, सैनिक येत नाहीत.

पण माझा खरा आक्षेप निराळा आहे. कुठला ग्रीक? आणि कुठला इटालियन?

इटली हे एक राज्य झालं 1861 मध्ये. व्हेनिस त्यात आलं 1866 मध्ये, रोम 1870 मध्ये आणि दक्षिण टायरॉल तर पहिल्या महायुद्धानंतर. तिथं आजही बहुसंख्यांची भाषा जर्मन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिदोल्फो लिवी या लष्करी डॉक्टरनं सुमारे तीन लाख इटालियन सैनिकांच्या मोजमापांचा अभ्यास केला. व्हेनेतोचे उंच निघाले, सार्डिनियाचे बुटके. फिके केस आणि फिके डोळे उत्तरेत जास्त, दक्षिणेकडे कमी. त्यातही सार्डिनियाची गोष्ट वेगळीच. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, ओट्झी नावाचा. त्याची जनुकं तपासली तेव्हा तो सापडला त्या डोंगरातल्या आजच्या रहिवाशांपेक्षा दूरच्या सार्डिनियाच्या लोकांना जास्त जवळचा निघाला. एवढ्या पसाऱ्यातून व्याख्यात्यांनी 'इटालियन चेहरा' उचलला. कुठून, ते मात्र सांगितलं नाही.

ग्रीसचं तर त्याहून कठीण. 1923 च्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली. अनातोलियातून आलेले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, आधीचे निर्वासित धरून, बारा लाखांच्या वर होते. कसोटी होती धर्माची. भाषेची नव्हे, चेहऱ्याची तर नव्हेच. कप्पादोकियाहून आलेल्या कित्येकांना तुर्कीच येत होती आणि ते ग्रीक ठरले. क्रीटमधले मुसलमान घरात ग्रीक बोलत. ते तुर्क ठरून आयवालीकच्या किनाऱ्यावर जाऊन राहिले. त्यांच्या नातवंडांचा फोटो व्याख्याते कोणत्या रकान्यात लावणार? अल्बानियन बोलणारे आर्वानीत, काळ्या समुद्राकाठून आलेले पोंतिक, डोंगरातले व्लाख: हे सगळेही ग्रीकच. जनुकशास्त्राचा दाखलाही उलटा लागतो. सिसिली आणि दक्षिण इटलीतली माणसं क्रीट व एजियन बेटांतल्या माणसांच्या जवळ पडतात, असं संशोधन सांगतं. उत्तर इटली त्यांच्यापासून दूर पडते, आणि ग्रीसच्या मुख्य भूमीत उत्तरेकडून पुढे आलेल्या बाल्कन लोकांची भर दिसते. म्हणजे शिक्का आहे, पण व्याख्यात्यांच्या कागदावर नाही.

हा खेळ आपल्यालाही नवा नाही. कोकणातले घारे डोळे पाहून कुणी त्यांच्या मालकांना ग्रीक ठरवलं, कुणी इराणी, कुणी ज्यू. त्यापायी मासिकांची पानंच्या पानं खर्ची पडली आणि शेवटी निघालं काय, तर लिहिणाऱ्याला आपला पूर्वज कुठला हवा होता ते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत आणि त्यांतली कित्येक अगदी इथल्या वळणाची आहेत. त्यांचं नाक कसं होतं याची शिलालेखाला फिकीर नाही. नाकं मोजून माणसांची प्रतवारी लावणारे साहेबही इथं येऊन गेले. इटलीत या हौसेला सरकारी रूप आलं: जुलै 1938 मध्ये वंशविषयक जाहीरनामा निघाला, इटालियन 'आर्य' ठरले आणि त्याच वर्षी ज्यू मुलांना सरकारी शाळांचे दरवाजे बंद झाले. आमच्या व्याख्यात्यांच्या मनात असलं काही नाही, हे मान्य. 'एक रक्त' हा शब्दप्रयोग मात्र त्याच दुकानातला आहे.

मग साम्य नाहीच का? आहे, पण ते किनाऱ्यांचं आहे, राष्ट्रांचं नाही. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकापासून ग्रीक जहाजं इस्किया, सिराक्यूज, तारान्तो इथं लागली. बारी 1071 पर्यंत बायझंटाइन साम्राज्यात होतं. सालेंतोच्या काही गावांत आणि कलाब्रियात बोव्याच्या डोंगरात ग्रीकची बोली अजून तग धरून आहे. इटलीच्या 1999 च्या कायद्यानं तिला अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यताही दिली. उलट बाजूनं कॉर्फूवर 1386 ते 1797 अशी चार शतकं व्हेनिसची सत्ता होती. समुद्रानं माणसं आणली, लग्नं झाली, चेहरे मिसळले. यात गूढ काही नाही.

तेव्हा व्याख्यात्यांनी व्याख्यान जरूर द्यावं, फक्त देशांऐवजी गावांची नावं घ्यावीत. लेच्चे आणि क्रीट म्हणा, मी मान डोलवीन. तोरीनो आणि थेस्सालोनिकी म्हणालात, तर टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहीन आणि मग विचारीन: कुठला ग्रीक, साहेब? 1923 च्या आधीचा की नंतरचा?