बिघाड यंत्राचा, ठपका माणसावर

नाशिकच्या कामगार चळवळीला विमान ही परकी वस्तू नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा ओझर येथील कारखाना १९६४ साली सुरू झाला. तेथे आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने कामगारांच्या हातांनी उभी राहिली. आज त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही उडतात. म्हणून आकाशात एखादे यंत्र बिघडले म्हणजे जबाबदार कोण, हा प्रश्न केवळ तिकीट काढणाऱ्यांचा नाही. तो आपलाही आहे.

या प्रश्नाची सर्वांत दारुण आठवण मुंबईची आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, असे २१३ जीव गेले.

काय घडले होते? रात्रीच्या काळोखात, खाली समुद्र असताना, वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. विमान सरळ आहे की कललेले, हे त्याला समोरचे 'कृत्रिम क्षितिज' सांगते. स्वतःच्या शरीरावर विसंबण्याचीही सोय नसते, कारण अशा वेळी कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय माणसाला फसवते. त्या रात्री विमान उजवे वळण घेऊन सरळ झाले. पण मुख्य वैमानिकासमोरचे यंत्र ते अजून उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. यंत्रावर विश्वास ठेवून त्याने विमान डावीकडे झुकवले, झुकवतच नेले. सहवैमानिकासमोर दुसरे यंत्र होते आणि पर्यायी असे तिसरेही होते. फ्लाइट इंजिनिअरने बिघडलेल्या यंत्रावर विसंबू नका असे सुचवण्याचा प्रयत्न केला. परंतु तोवर काही सेकंदच हाती उरले होते. मुख्य वैमानिक नवखा नव्हता. सुमारे १८,००० तासांच्या उड्डाणाचा अनुभव त्याच्या गाठी होता.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की, यंत्र बिघडल्यावर वैमानिकाला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि इतर यंत्रांच्या आधारे ते सावरणे वैमानिकांना जमले नाही. उत्पादक कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावे झाले. १९८५ साली तेथील न्यायालयाने कंपन्यांवरील निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. म्हणजे यंत्र बिघडले हे चौकशीला मान्य. पण दोष राहिला तो मृत माणसाच्या नावावर!

हा निष्कर्ष खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा आहे. माणूस चुकला हे सांगून चौकशी संपत नाही, तेथे ती सुरू व्हायला हवी. यंत्र बिघडल्यास काय करावे हे शास्त्र सांगते: तिन्ही यंत्रे ताडून पाहावीत, दोहोंचे जुळते त्यावर विश्वास ठेवावा, ज्याचे यंत्र शाबूत आहे त्या सहकाऱ्याच्या हाती विमान सोपवावे, विमान सरळ राखावे आणि मग नियंत्रण कक्षाला कळवावे. पाच वाक्यांत सांगता येणारी ही गोष्ट पाच सेकंदांत हातून घडायची, तर तिचा पुन्हापुन्हा सराव हवा, शरीराला पुरेशी विश्रांती हवी, आणि कनिष्ठाला "साहेब, तुमचे यंत्र चुकते आहे" असे निःशंकपणे म्हणण्याची मुभा हवी. यांपैकी एकही गोष्ट एकटा वैमानिक स्वतःच्या बळावर मिळवू शकत नाही. ती व्यवस्थेने द्यायची असते.

ही मुभा नसली म्हणजे काय होते, हे डिसेंबर १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा दिसले. स्टॅनस्टेडहून निघालेल्या कोरियन मालवाहू ७४७ विमानाच्या मुख्य वैमानिकाचे तेच यंत्र बिघडले होते. आधीच्या फेरीतच बिघाड लक्षात आला होता, दुरुस्तीचा प्रयत्नही झाला होता. पण मूळ दोष तसाच राहिला. सहवैमानिकासमोरचे यंत्र योग्य स्थिती दाखवीत असता तो गप्प राहिला. फ्लाइट इंजिनिअरचे इशारे कोणी मनावर घेतले नाहीत. विमानातील चौघेही मेले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यात अधिक मोकळे वातावरण निर्माण करणारे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस ब्रिटिश तपास यंत्रणेने केली. लोकशाही ही केवळ मतपेटीची बाब नसून कामाच्या जागीही ती जीव वाचवते, याहून वेगळे आपण काय सांगत आलो आहोत?

दुसरे उदाहरण आपल्या उंबऱ्याशीच आहे. जुलै १९६२ मध्ये बँकॉकहून मुंबईकडे येणारे इटालियन कंपनीचे डी.सी.-८ विमान जुन्नरच्या डोंगरावर आदळून ९४ जण दगावले. मुंबई जवळ आली या चुकीच्या समजुतीने विमान वेळेआधीच खाली आणले गेले. जमिनीवरील उपलब्ध दिशादर्शक साधनांनी आपले स्थान पडताळून घेतले गेले नाही. धडा तोच: एका खुणेवर विसंबू नका, दुसरी तपासा.

आज तो धडा नव्या रूपात समोर उभा आहे. विमाने आता उपग्रहांच्या संकेतांवर चालतात आणि ते संकेत जमिनीवरून खोटे पाडता येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ उतरणाऱ्या काही विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याचे केंद्र सरकारने संसदेत मान्य केले. ज्या धावपट्ट्यांवर जुनी जमिनीवरील साधने चालू होती, तेथील वाहतुकीला मात्र धक्का लागला नाही, हेही सरकारनेच सांगितले. ही जुनी केंद्रे हिशेबाच्या वहीत निव्वळ खर्च म्हणून दिसतात. संकटाच्या रात्री तीच दुसरी खूण असतात.

आणि विश्रांतीचे काय? वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरणीवर मर्यादा घालणारे नियम झाले. पुरेशी माणसे न नेमल्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या खाजगी विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा नियामकाने काय केले? रात्रपाळीच्या नियमांतून त्याच कंपनीला तात्पुरती सूट दिली! थकलेल्या डोळ्यांनी तीन यंत्रे ताडून पाहायची कशी, याचे उत्तर कोणी दिले नाही.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. १९७८ साली एअर इंडिया सार्वजनिक मालकीची होती, केंद्रात जनता सरकार होते आणि नागरी विमान वाहतूक खाते समाजवादी चळवळीतून आलेल्या पुरुषोत्तम कौशिक यांच्याकडे होते. तेव्हा मालकी बदलली की सुरक्षितता आपोआप येते, असे म्हणून आपली सुटका होत नाही. सार्वजनिक उद्योगातही साहेबी उतरंड असू शकते. मालकी हे पहिले पाऊल. कामाच्या जागी बोलण्याचा अधिकार हे दुसरे.

मनमाड आणि इगतपुरीच्या रेल्वे कामगारांना हे निराळे समजावून सांगायला नको. जून २०२४ मध्ये बंगालमध्ये स्वयंचलित सिग्नल बिघडलेले असताना मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. काही तासांतच रेल्वे बोर्डाने मृत मालगाडी चालकावर बोट ठेवले. पुढे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत चालकांना दिलेले चुकीचे परवानापत्र आणि अपुरे प्रशिक्षण हे दोष पुढे आले. मेलेला माणूस खुलासा करू शकत नाही. म्हणूनच त्याच्यावर ठपका ठेवणे सर्वांत स्वस्त पडते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. विश्रांतीच्या नियमांत कोणत्याही कंपनीला सूट नको. जमिनीवरील दिशादर्शक केंद्रे मोडीत काढू नयेत. बिघाड कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण मिळावे, आणि प्रत्येक अपघाताच्या चौकशीत कामगार संघटनांचा प्रतिनिधी असावा. ओझरच्या कामगारांनी आपल्या संघटनेच्या व्यासपीठावरून हा आवाज प्रथम उठवावा. यंत्रे बिघडणारच, पण बिघडलेल्या यंत्राला खोटे म्हणण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी उसंत माणसाला देणे, हे समाजाच्या हाती आहे.