वाढीव वॉरंटी : घ्यावी की राहू द्यावी?

अल्लाहच्या कृपेने गेल्या महिन्यात आमच्या घरी पहिली गाडी आली. अम्मींना गुडघ्यांमुळे एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून चार वर्षे पैसे साठवले आणि कर्ज न काढता गाडी घ्यायचे ठरवले. शोरूममधून कोटेशन आले, तेव्हा विमा आणि रजिस्ट्रेशनच्या खाली आणखी एक ओळ होती : वाढीव वॉरंटी, १८ हजार रुपये. आम्ही ती मागितलीच नव्हती. विचारले, तर उत्तर मिळाले, "सगळेच घेतात."

सगळे घेतात म्हणून आपणही घ्यायची का? आम्ही कागद घरी आणला आणि रात्री जेवणानंतर सर्वांनी मिळून वाचला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या गाडीला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आहेच. वाढीव वॉरंटी चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी. म्हणजे पैसे आज भरायचे आणि उपयोग झाला तर तीन वर्षांनंतर. दुसरी गोष्ट, टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर असे झिजणारे भाग तिच्यात नाहीत. अपघाताचे नुकसान तर विम्याचे काम. शिवाय एखादी सर्व्हिसिंग चुकली किंवा बाहेरच्या गॅरेजमध्ये केली, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, ही वॉरंटी नाही. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा मानले आहे. म्हणून "ही ओळ काढा" असे म्हणायला संकोच नको. कर्जाने गाडी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. ही रक्कम कर्जात मिळवली, की तिच्यावरही व्याज चढते.

अब्बांचा प्रश्न वेगळा होता : हे शरीअतमध्ये बसते का? कंपनी गाडीबरोबर देते ती वॉरंटी मालाच्या दोषाची जबाबदारी मानली जाते. वेगळे पैसे भरून घेतलेल्या वॉरंटीबद्दल मात्र उलेमांमध्ये मतभेद आहेत. बिघाड होईल की नाही हेच ठाऊक नाही, म्हणून काहीजण तिला 'गरर', म्हणजे अनिश्चिततेचा सौदा म्हणतात. अशा सौद्याची मनाई सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आली आहे. काहीजण तिला सेवेचा करार समजून परवानगी देतात. अब्बांनी आमच्या मस्जिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनी टाळण्याचा सल्ला दिला.

आम्ही ती ओळ काढून घेतली आणि तेच १८ हजार 'गाडीचे पैसे' म्हणून वेगळ्या खात्यात ठेवले. उद्या गिअरबॉक्ससारखे मोठे काम निघाले, तर ही रक्कम पुरणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. ती जोखीम समजून उचलली आहे. काहीच बिघडले नाही, तर पैसे घरातच राहतील.

तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. गाडी रोज लांब पळणार असेल, हाताशी बचत नसेल, तर हिशेब बदलतो. पण शोरूमच्या खुर्चीत बसून हो म्हणू नका. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपण्याआधी नंतरही ही सोय देतात. मुदत आणि तेव्हाची किंमत लेखी विचारा. कागद घरी आणा, काय मिळणार नाही ते पान आधी वाचा, आपल्या आलिमांना विचारा आणि मग ठरवा. इन्शाअल्लाह, पस्तावा होणार नाही.