पहिल्या आवृत्तीचे मोल आणि मूल्य

मराठीतील पौराणिक कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्यांना गेल्या काही वर्षांत संग्राहकांच्या बाजारात मागणी आली आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाती' (देशमुख आणि कंपनी, १९५९) आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (कॉन्टिनेंटल प्रकाशन, १९६७) ही यातील दोन ठळक नावे. मूळ वेष्टनासह असलेल्या, न हाताळलेल्या प्रतीसाठी जी रक्कम सांगितली जाते, ती तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्यांना ऐकवणेही संकोचाचे वाटावे. या व्यवहाराकडे मराठीचे अध्यापक सामान्यतः दोन प्रकारे पाहतात. काहींना तो हौशी धनिकांचा खेळ वाटतो, तर काहींना ग्रंथप्रेमाचे लक्षण. या दोन्ही प्रतिक्रियांत आपण स्वतःला प्रेक्षकाच्या जागी ठेवतो, हा माझा आक्षेप आहे. पहिली आवृत्ती हा प्रथमतः संशोधनाच्या साधनांचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नात विद्यापीठीय विभाग व महाविद्यालये हे उत्तरदायी पक्ष आहेत, असे मला येथे मांडावयाचे आहे.

हे मांडताना एक कबुली देणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात होतो, तेथील ग्रंथालयाच्या निर्लेखन समितीचा मी सदस्य होतो. समितीपुढे आलेल्या यादीत 'ययाती'ची १९५९ ची प्रत होती. 'पाने पिवळी, पुठ्ठा निखळलेला. नव्या चार प्रती उपलब्ध' असा शेरा तिच्यापुढे होता. शेरा खरा होता, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. त्या यादीखाली माझीही सही आहे. पुढे एका संशोधक विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधातील अवतरणे पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आम्ही ती प्रत रद्दीच्या भावाने दिली होती, हे तिला सांगण्याची वेळ माझ्यावर आली. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या संकोचात आहे.

'चार नव्या प्रती असताना जुनी कशाला?' हा समितीचा युक्तिवाद वरवर पाहता निरुत्तर करणारा आहे. त्यामागे एक गृहीत आहे: कादंबरीची प्रत्येक छापील प्रत ही एकाच संहितेची समान प्रत असते. ग्रंथव्यवहाराचा अनुभव याला पुष्टी देत नाही. नव्या जुळणीत ओळी गळतात, परिच्छेद जोडले जातात, मुद्रितशोधकाच्या सवयी संहितेत शिरतात, लेखक स्वतः हात फिरवतो. त्यातच १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. 'ययाती'ची पहिली आवृत्ती या नियमांच्या आधीची आहे, 'मृत्युंजय'ची नंतरची. अनुच्चारित अनुस्वारांचा प्रश्न केवळ टिंबांचा नाही. एका पिढीच्या डोळ्यांना मराठी गद्य कसे दिसत होते, याचा तो पुरावा असतो आणि पुनर्मुद्रणात तो सहज पुसला जातो. एखाद्या कादंबरीची संहिता अजिबात बदललेली नाही, असे विधानही पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहिल्यावरच करता येते. ती आवृत्ती हाताशी नसेल, तर असे विधान केवळ समजूत ठरते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. या कादंबऱ्यांचा मूलस्रोत असलेल्या महाभारताच्या बाबतीत महाराष्ट्राने संहितानिष्ठेचा जो आदर्श घालून दिला, त्याला तोड नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून त्याचे संपादन सांभाळले आणि पाठनिश्चितीची पद्धती सिद्ध केली. बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. दुसऱ्याच वर्षी, त्याच पुण्यात 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली. कर्णाची कथा सांगणाऱ्या एकेका श्लोकाचे पाठभेद आपण तळटीपांत जपले. त्याच कर्णाला मराठी वाचकांच्या घरोघरी नेणाऱ्या कादंबरीची पहिली छापील प्रत मात्र आपल्या विभागात आहे की नाही, हे आपल्यापैकी किती जण छातीठोकपणे सांगू शकतील? प्राचीन संहितेला चिकित्सा आणि आधुनिक संहितेला केवळ 'उपलब्धता', असा हा दुजाभाव आहे.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. पहिल्या आवृत्तीची ओळख पटवणे हे ग्रंथवर्णनाचे प्राथमिक काम आहे आणि ते मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला यावयास हवे. मराठी प्रकाशनव्यवहारात 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' या संज्ञा काटेकोरपणे वापरल्या जात नाहीत. केवळ पुन्हा छापलेल्या पुस्तकालाही नव्या आवृत्तीचा क्रमांक मिळतो. शीर्षकपानामागच्या पानावर 'पहिली आवृत्ती' असे शब्द आणि वर्ष दिसले, की विक्रेता तेवढेच दाखवतो. परंतु अनेक नंतरच्या मुद्रणांतही आवृत्त्यांचा हा इतिहास पहिल्या ओळीपासून छापलेला असतो. तेव्हा त्या पानावरची शेवटची ओळ पाहावयाची, पहिली नव्हे.

याशिवाय पुस्तकच स्वतःविरुद्ध साक्ष देत असते. 'ययाती'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. यांपैकी कशाचाही उल्लेख छापलेली प्रत १९५९ ची असू शकत नाही. 'मृत्युंजय'च्या प्रतीवर मूर्तिदेवी पुरस्काराचा उल्लेख असेल, तर ती १९९४ च्या अलीकडची. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर प्रत ऑगस्ट १९७२ नंतर छापलेली, कारण ती पद्धतच तेव्हा सुरू झाली. प्रकाशनसंस्था बदललेली असेल, तर प्रश्नच उरत नाही. लेखकाची स्वाक्षरी ही आणखी एक भूल. विसाव्या मुद्रणावर स्वाक्षरी असली, तरी ती पहिली आवृत्ती होत नाही. त्या प्रतीला जे मोल आहे ते स्मरणाचे, संहितेचे नव्हे.

या तपशिलांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. संग्राहकाला हवी असलेली प्रत आणि अभ्यासकाला हवी असलेली प्रत या एकच नव्हेत. संग्राहकाला कोरी, वेष्टनासह, कोणाच्याही नावाची खूण नसलेली प्रत हवी असते. न वाचलेले पुस्तक ही त्याच्या दृष्टीने परिपूर्णता असते. ग्रंथालयाचा शिक्का, दाखलअंक, समासातल्या पेन्सिलीच्या रेघा, मागे चिकटवलेली देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी या सर्वांना बाजार 'दोष' म्हणतो आणि त्यांच्यामुळे किंमत उतरवतो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र नेमक्या याच गोष्टी बोलत्या वाटावयास हव्यात. एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयातील 'मृत्युंजय'च्या पहिल्या आवृत्तीवरची देवघेवीची चिठ्ठी सांगते की ती प्रत किती वेळा, किती दिवसांच्या अंतराने बाहेर गेली. समासातल्या रेघा सांगतात की वाचक कर्णाच्या निवेदनात रेंगाळला की कुंतीच्या, की वृषालीच्या. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतावर आपण परिसंवाद भरवतो आणि त्याच प्रतिसादाचा अस्सल पुरावा निर्लेखित करतो.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. बाजार ज्या प्रतींना सदोष म्हणून मागे सारतो, त्या विभागांना परवडू शकतात आणि संशोधनाच्या दृष्टीने त्याच अधिक मोलाच्या आहेत. आपल्याला लिलावातल्या कोऱ्या प्रतीमागे धावण्याचे कारण नाही. शिक्का असलेली, पुठ्ठा निखळलेली, पण पाने पूर्ण असलेली प्रत आपली आहे. जेथे मूळ वेष्टन हवे, तेथे संग्राहकाचे सहकार्य घ्यावे. ग्रंथालयांनी बांधणी करताना वेष्टने फेकून दिली. ती जपली असतील तर संग्राहकांनी. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांची मुखपृष्ठे मराठी ग्रंथांच्या दृश्य इतिहासाचा भाग आहेत आणि ती टिकवण्याचे श्रेय हौशी माणसांना मोकळेपणाने दिले पाहिजे. त्यांना तुच्छ लेखण्याचा अधिकार निर्लेखनाच्या यादीवर सही करणाऱ्या माझ्यासारख्याला तर नाहीच.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की लेखकाने शेवटी मान्य केलेली संहिता हीच प्रमाण, मग पहिलीचे अवडंबर कशासाठी? शेवटची संहिता अध्यापनासाठी प्रमाण मानावी, यास माझी हरकत नाही. परंतु १९५९ च्या वाचकाने, समीक्षकाने आणि पुरस्कार समितीने जे वाचले ते पहिल्या आवृत्तीतले शब्द होते. स्वागताचा इतिहास लिहिणाऱ्याने तेच वाचले पाहिजेत. शिवाय 'शेवटची' हे विशेषणच आधी काहीतरी होते असे सांगते. दुसरा आक्षेप असा, की जतन हे राष्ट्रीय ग्रंथालयांचे काम आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत पाठवावयाची असते, हे खरे. फेरफार नसलेल्या नंतरच्या आवृत्तीला तो कायदा सूट देतो, म्हणजे जो भेद आपण करीत नाही तो कायद्याने केला आहे. परंतु ठाण्याच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याने प्रत्येक ताडणीसाठी कोलकाता गाठावे, अशी अपेक्षा करता येत नाही. १८६७ च्या कायद्यात ग्रंथांच्या नोंदीची तरतूद होती. २०२३ च्या ज्या कायद्याने त्याची जागा घेतली, तो नियतकालिकांपुरताच आहे. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९५० या काळाची. त्या महाकाय कार्याचे ऋण मान्य करूनही आपल्या दोन्ही कादंबऱ्या तिच्या सीमेपलीकडे राहतात. तात्पर्य, दूर कोठेतरी कोणीतरी जपत असेल, या विश्वासावर निर्धास्त राहणे परवडणारे नाही.

तेव्हा काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, निर्लेखनाच्या यादीतील प्रत्येक मराठी साहित्यकृतीची आवृत्ती नोंदवल्याखेरीज आणि मराठी विभागाने ती पाहिल्याखेरीज यादी मंजूर होऊ नये. यासाठी अनुदान लागत नाही, एक रकाना वाढवावा लागतो. दुसरी, प्रत्येक विद्यापीठीय विभागाने आपल्या परिक्षेत्रातील महाविद्यालये व सार्वजनिक ग्रंथालये यांतील महत्त्वाच्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्यांची वर्णनात्मक सूची करावी. मुद्रक, किंमत, पृष्ठसंख्या, वेष्टन आणि दाखलअंक एवढे तपशील पुरेत. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय नाही. तिसरी, प्रबंधात केवळ 'ययाती, पृ. ११२' असा संदर्भ स्वीकारू नये. आवृत्ती व मुद्रणवर्ष नसलेला संदर्भ अपुरा मानावा. चौथी, अशी सूची उपलब्ध झाली की खरेदीदारांनाही ती खुली असावी. विक्रेत्याच्या शब्दावर सर्व काही अवलंबून असते तेव्हाच फसवणूक फोफावते. ग्राहक जाणता झाला तर बाजारही सरळ होतो.

मोल बाजार ठरवतो, मूल्य अभ्यास ठरवतो. ज्या वस्तूचे मूल्य अभ्यासकांनी वेळेवर सांगितले नाही, तिचे मोल दुसरे कोणीतरी सांगते आणि तेव्हा ते आपल्याला परवडत नाही. आमच्या ग्रंथालयातून गेलेली ती १९५९ ची प्रत मला अद्याप सापडलेली नाही. जुनी पुस्तके मांडलेल्या पदपथावर मी थांबतो, तेव्हा आधी पुस्तकाच्या मागच्या पानावरचा शिक्का पाहतो. आपल्या विभागाच्या शेजारीच असलेल्या ग्रंथालयात यंदाची यादी तयार होत असेल. ती मंजूर होण्यापूर्वी एकदा पाहून यावी, एवढीच वाचकांना विनंती.